‘तपासला’ म्हणे

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे आणि माझा कुणावरही पटकन विश्वास बसत नाही. उलटी अक्षरे घेऊन जन्मलेल्याकडून दुसरी काय अपेक्षा करणार? माझ्या अंगावर तीनच शब्द आहेत: ‘साठवणीचा पर्याय तपासला’.

हे शब्द माझ्या वाट्याला कसे आले तेही सांगतो. राज्याच्या सभागृहाने एक कायदा केला. वीज कंपनीने नवे वीजघर किंवा नवी लाइन योजनेत धरण्याआधी एक गोष्ट तपासावी: दुपारची जादा वीज मोठ्या बॅटऱ्यांत साठवून संध्याकाळी वापरली तर भागेल का? जे आढळेल ते योजनेत लिहावे. कायदा चांगलाच होता. पण तो मंजूर झाल्याच्या तिसऱ्याच दिवशी कंपनीच्या नियोजन शाखेने मला बनवायला टाकले. शिक्के बनवणाऱ्या म्हाताऱ्याने तो मजकूर दोनदा वाचला आणि विचारले, “शिक्का आज, मग तपासणार कधी?” शिपाई नुसता हसला. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तेव्हापासून.

शाखेचे हेडक्लार्क नाना यांच्या खणात मी राहू लागलो. नाना भला माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. साहेबांनी योजना पुढे सरकवली की ते एका बैठकीत चाळीस पानांवर मला उमटवत. माझे कौतुकही फार व्हायचे. काय स्वच्छ उमटतो, असे जो तो म्हणे. या शिक्क्याने आपले सहा महिने वाचवले, असे साहेब पाहुण्यांना सांगत. स्तुती कुणाला आवडत नाही? मीही फुगायचो. पण ज्या पानांवर मी बसलो, त्यांत बॅटरीविषयी एक ओळही मला कधी दिसली नाही. कुठेतरी पाणी मुरत होते आणि ते माझ्याच खाली मुरत होते.

मग शाखेत एक इंजिनियर बाई आल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी नानांकडे मला मागितले. तपासून झाले की मीच शिक्का मारीन, म्हणाल्या. मनगटाला आराम मिळेल म्हणून नानांनी आनंदाने दिले. बाईंनी मला आपल्या खणात ठेवून कुलूप घातले. आता ही बाई काय शिजवते आहे, असे मला झाले.

रोज सकाळी त्या फोनवर एकच प्रश्न विचारत, “ताई, काल किती वेळा?” त्यांची थोरली बहीण दरीच्या टोकाच्या इस्पितळात नर्स होती. तिथे संध्याकाळी वीज गेली की अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या काचेच्या पेट्या गार पडत आणि नर्सा बाळांना छातीशी धरून बसत. आमच्या योजनेत त्या दरीसाठी डोंगरावरून नवी लाइन होती. ती व्हायला चार वर्षे लागणार होती. अस्सं, मी मनात म्हटले, बाई आपल्याच पोळीवर तूप ओढायला आल्या आहेत.

योजना पाठवायची शेवटची तारीख आली. बाई मोजमापासाठी दरीत गेल्या होत्या आणि किल्ली त्यांच्यापाशी होती. साहेब नानांना म्हणाले, “हातानं लिहा. तीनच तर शब्द आहेत.”

खणातून मला नानांच्या पेनाची कुरकुर ऐकू येत होती. दोन शब्द झाले आणि पेन थांबले. मग नाना हळूच म्हणाले, “साहेब, शिक्का मारताना वाटायचं, शिक्काच बोलतोय. हे माझं अक्षर आहे.”

पुढे त्यांनी काय लिहिले ते साहेबांनी चढ्या आवाजात वाचले तेव्हा कळले. ‘साठवणीचा पर्याय तपासला नाही.’ खाली सही.

अशी योजना पुढे पाठवणार कोण? ती महिनाभर लांबली आणि त्या महिन्यात बाईंनी खरोखर तपासले. दोन ठिकाणी बॅटरी पुरणार नाही, लाइनच हवी, असे त्यांनी स्वतःच लिहिले. तेव्हा माझा संशय गळून पडला आणि मला माझी लाज वाटली. दरीत मात्र बॅटरीच योग्य ठरली. दहा महिन्यांत ती इस्पितळाशेजारी उभी राहिली. त्यानंतरच्या एका सकाळी बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला, उत्तर ऐकले आणि म्हणाल्या, “एकदाही नाही?” मग त्यांनी चष्मा काढून पुसला, खणाच्या फटीतून मला दिसले.

तेव्हापासून शाखेत हाताने लिहितात. मी खणात धूळ खातो आणि त्याचे मला वाईट वाटत नाही. मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. कुठल्याही कागदावर माझा ठसा दिसला तर एवढेच विचारा: कुणी तपासले? केव्हा?

हे आजच सांगतो आहे, कारण नाना निवृत्त झाले आणि बाईंची बदली झाली. गेल्या आठवड्यात नवे साहेब आले. त्यांनी खण उघडला, मला उलटे धरून वाचले आणि हसले. काल त्यांनी नवे स्टॅम्पपॅड मागवले आहे.