कडाकणी मावेल एवढी जाळी

मंगळवारी धुरपताबाई बोलत नसत. सकाळी देवीपुढं दिवा लावला की मिटलेले ओठ तिन्हीसांजेच्या दिव्यालाच उघडायचे. लग्न होऊन अर्धापूरला आल्या तेव्हापासूनचं हे व्रत. घरात सगळ्यांना ठाऊक. तरी त्यांच्या लेकानं, वैजनाथनं, फ्रायर आणायला नांदेडला जायचं ठरवलं ते नेमकं मंगळवारी.

फ्रायर त्यांनीच मागितला होता. उभ्या जन्मात लेकाकडं मागितलेली तेवढीच वस्तू. गेल्या नवरात्रात घटावर बांधायच्या फुलोऱ्याच्या कडाकण्या, म्हणजे पंजाएवढ्या कडक पुऱ्या, तळताना हात थरथरला, कढई कलंडली, कोपरापर्यंत कातडं सोललं. सून बबितानं तेव्हाच बजावलं, "आत्याबाई, पुन्हा तेलापाशी दिसायचं न्हाई." पण फुलोरा आपल्याच हातचा, हा देवीला दिलेला शब्द! विजेच्या फ्रायरवर खुर्चीत बसून तळता येतं, हे त्यांनी शेजारच्या शिवकांताकडं पाहिलं होतं. तिच्या फ्रायरची तेलात सोडायची जाळी तेवढी लहान, कडाकणी मावायची नाही.

"जाळी मोठी बघ बाबा," सोमवारी त्या वैजनाथला म्हणाल्या. तो मोबाईलमधून मान वर न काढता "हाव, हाव" म्हणाला.

मंगळवारी नांदेडच्या दुकानात दुकानदारानं दोन फ्रायर पुढं मांडले. "घरच्यापुरता हा लहान बास हाय, मावशी."

धुरपताबाईंनी नकाराची मान हलवली आणि मोठ्याच्या जाळीवर पंजा पसरून ठेवला.

"काय म्हणून राहिली माय?" वैजनाथनं बायकोला विचारलं.

"लई मोठा हाय म्हणत असतील," बबिता म्हणाली. "तेल किती पिईल तो!"

त्यांनी पुन्हा पंजा ठेवला. वैजनाथचा दंड धरून हलवला.

"बघा, कशी भिऊन राहिली!" तो हसला. "लहानच द्या. पोरांच्या चिप्सला बास झाला."

'मोठा' हा एवढा एकच शब्द. अगदी जिभेवर आला होता. पण देवीचा एक शब्द पाळायला दुसरा कसा मोडायचा? त्यांनी वैजनाथचा दंड सोडला.

परतताना गाडीत पुढं बसलेली बबिता नवऱ्याला हळूच म्हणाली, "तरी मी म्हणलं व्हतं, मंगळवारीच नेऊ. एरवी यांनी चार दुकानं फिरवलं असतं."

मौन तोंडाचं होतं, कानांचं नव्हतं.

तिन्हीसांजेला दिवा लावून त्या म्हणाल्या, "त्यात कडाकणी मावत न्हाई रे, वैजनाथ."

"मग तिथंच बोलायचं ना, माय! आता खोकं फोडलं. आन् कडाकण्या काय, इकत मिळतात."

अष्टमीला घटावर विकतचा फुलोरा चढला. बबितानंच बांधला, चांगला एकसारखा. मग वैजनाथनं ओट्याशी खुर्ची मांडली. "बस माय. तुझ्यासाठीच आणलाय ना? पोरं चिप्ससाठी खोळंबली."

धुरपताबाई बसल्या. जाळी तेलात सोडली, दांडा धरून उचलली. शिवकांताकडं पाहिलं होतं, सगळं अगदी तसंच होतं. तेल उडत नव्हतं. हाताला चटका बसत नव्हता.