अर्धा तास थांबला असतात तर

मी भोपळ्याचा लझानिया बोलतोय. थंड डोक्याने काही ऐकायचं असेल तर दुसऱ्या कुणाला गाठा. माझं डोकं कालपासून तापलेलं आहे, आणि त्यात ओव्हनचा काही दोष नाही.

माझे मूळचे भाऊबंद इटलीकडचे. त्यांच्या अंगात मैद्याच्या पट्ट्यांचे थर आणि बहुतेकदा मांस. मी शाकाहारी, पट्ट्यांच्या जागी लाल भोपळ्याचे पातळ काप. तेवढं ऐकूनच लोक नाक मुरडतात, जणू मी परीक्षेत मिळालेला भोपळा आहे.

मला केलं ते कोपऱ्यावरच्या एका खाणावळीच्या धाकट्या सुनेने. खाणावळ तिच्या सासऱ्यांची. त्यांना सगळे आबा म्हणतात. किचन थोरल्या मुलाच्या ताब्यात. ही दिवसभर काउंटरवर ऑर्डरी घेते. लग्नाआधी मोठ्या हॉटेलच्या किचनमध्ये होती, पण इथे तिला कुणी साधा कांदा चिरू दिला नाही. रोज मागे लागली तेव्हा कुठे आबा म्हणाले, "सोमवारी आपलं बंद असतं. एक पदार्थ करून दाखव. जमला तर दुपारचं किचन तुझं. नाही जमला तर पुन्हा विषय काढायचा नाही."

तो पदार्थ मी.

तिने कापांना मीठ लावून ते फडक्यावर पसरले, पाणी सुटू दिलं, मग टिपून तव्यावर भाजले. लसूण घालून टोमॅटोचा सॉस आटवला. पालक, कुस्करलेलं पनीर, दूध-मैद्याचा पांढरा सॉस, पुन्हा काप, पुन्हा सॉस, सगळ्यात वर चीज. इतक्या निगुतीने कुणी आपल्याला केलं की आपल्यालाही त्या माणसाचं नाव राखावंसं वाटतं.

ओव्हनमधून निघालो तेव्हा मी कडेने खदखदत होतो. ती म्हणाली, "आता अर्धा तास याला हात लावू नका. थर बसायला हवेत."

आता या घराची तऱ्हा ऐका. इथे अन्न आचेवरून थेट ताटात जातं. वाफ गेली की चव गेली, असं आबांचं म्हणणं, आणि त्याच जोरावर त्यांनी ही खाणावळ चालवली. सूप असेल, पोळी असेल, तर ठीक आहे. पण मी थरांचा आहे हो.

"माणसं बसलीत, आता अन्नही बसणार?" आबा म्हणाले, आणि थोरल्याने सुरी घातली.

मी कोसळलो. काप एकीकडे, सॉस दुसरीकडे, ताटभर नुसता ओघळ. थोरला हसत सुटला. "काय गं, सूप केलंस की काय?"

"थांबायला हवं होतं," ती म्हणाली.

"नाचता येईना अंगण वाकडं." वर थोरल्याने हे ऐकवलं.

आबांनी ताट सरकवलं. "तुला काउंटरच बरा."

आणि तिचा नवरा? शेजारी मूग गिळून बसला होता. याच महाशयांनी मागे घरी माझ्यासारखाच एक लझानिया बोटं चाटत खाल्ला होता, नीट निवू देऊन. सगळं ठाऊक होतं त्याला. मला थोरल्यापेक्षा याचाच जास्त राग आहे. थोरल्याला कळत नाही. याला कळतं, तरी हा गप्प बसतो.

उरलेला मी रात्रभर फ्रीजमध्ये होतो. आज थोरल्याने दार उघडलं. भूक लागली होती स्वारीला. सुरी घातली तर तुकडा सरळ निघाला, थरावर थर. उभ्या उभ्या खाल्ला, आणखी एक घेतला, इकडेतिकडे पाहिलं. मग बाकीचा मी गरम होऊन दुपारी गिऱ्हाइकांच्या ताटात गेलो. सूप म्हणाला होतास ना रे मला?

समोरच्या दुकानात घड्याळं दुरुस्त करणारे काका रोज इथेच जेवतात. त्यांनी विचारलं, "हे कुणी केलंय? फार छान झालंय."

"आमच्याच किचनचं," थोरला म्हणाला. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय. आबांनी ऐकलं आणि पेपरात डोकं घातलं. नवरा पाणी देत होता, त्यानेही ऐकलं.

ती काउंटरवरून उठून आली. आवाज चढवला नाही. "काका, ते मी केलंय. काल."

"गिऱ्हाइकासमोर शोभतं का हे?" थोरला पुटपुटला.

"काल सगळ्या घरासमोर शोभलं ना, तसंच."

ती आत गेली, एप्रन बांधला आणि भोपळा चिरायला घेतला. कुणी अडवलं नाही, पण कुणी हो सुद्धा म्हणालं नाही. आबा पेपराचं तेच पान वाचताहेत. थोड्या वेळाने नवरा आत गेला आणि न बोलता लसूण सोलायला लागला. मदत म्हणे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिने त्याच्या हातातला गड्डा काढून घेतला. "लसूण मी सोलते. तू बाहेर जाऊन आबांशी बोल."

"काय बोलू?"

"तुला जे माहीत आहे ते."

आता तो किचनच्या दारात उभा आहे. आबा समोरच बसलेत. मी काकांच्या ताटात एका घासापुरता उरलोय आणि त्यांनी चमचा उचललाय. अरे बाबा, तिचं किचन तुझ्या एका वाक्यावर अडलंय. मला लोकांनी फोडलं, सूप म्हणून हिणवलं, चोरून खाल्लं, ते सगळं मी पोटात घालीन. तुझं गप्प बसणं नाही घालणार. बोल रे, मी आहे तोवर बोल.