गच्चीवरची थाळी आणि रविवारचा जवळा

मित्रांनो, मला सगळे थाळी म्हणतात, पण माझ्यात आजवर कुणी जेवलेलं नाही. मी एक जुनी अँटेना आहे. आभाळातल्या उपग्रहांशी बोलून घरात इंटरनेट आणणं हे माझं काम. जुनी म्हणजे वयाने नव्हे हं. माझं वय फार तर अडीच वर्षं. पण खाडीच्या तोंडाशी जो राहतो त्याला खारा वारा लवकर म्हातारा करतो. माझे स्क्रू तांबूस झालेत, कडा पिवळ्या पडल्यात, आणि एका कोपऱ्यावर कावळ्याच्या चोचीचा ओरखडा आहे. त्या ओरखड्याचा मला फार अभिमान वाटतो. का, ते पुढे कळेलच.

माझा जन्म एका मोठ्या, पांढऱ्याशुभ्र कारखान्यात झाला. माझ्या सपाट अंगात शेकडो इवल्या अँटेना ओळीने बसवल्या आणि वर गुळगुळीत झाकण लावलं. जास्त तापलीस तर आपलं आपण बंद व्हायचं, निवलीस की पुन्हा सुरू व्हायचं, हेही मला तिथेच शिकवलं. मग खोक्यात घालून मला मरोळच्या एका कचेरीत आणलं. तिथे मी नमुन्याची होते. येणारा प्रत्येक जण माझ्यावर टिचकी मारून बघायचा आणि "एवढीशी?" म्हणायचा. मला राग यायचा, पण सांगते कुणाला?

त्या कचेरीत रुचिरा नावाची मुलगी होती. हातात सतत पाना, बोलणं फटकळ, काम मात्र चोख. एक दिवस तिची कॉलेजातली मैत्रीण कल्पिता तिला भेटायला आली. कल्पिता बोरिवलीच्या खाडीपलीकडच्या कोळीवाड्यातली. तिचे वडील महादू चाळीस वर्षं होडीचे तांडेल होते, म्हणजे होडी कुठे न्यायची ते ठरवणारे. आई मथुरा मासळी विकायची. आणि त्यांची ही मुलगी हवामानाची यंत्रं सांभाळायला निघाली होती थेट अंटार्क्टिकाला, बर्फातल्या आपल्या भारतीय तळावर. वर्षभरासाठी!

"घरी फोनला रेंज एक काडी," कल्पिता म्हणाली. "खाडीतून केबल येते ती नांगर अडकून तुटते. मी तिकडून बोलू कशी गं आयेशी?"

रुचिराने माझ्याकडे बोट दाखवलं. "हिला घेऊन जा. नमुन्याची आहे, साहेबांना मी सांगते."

अशी मी फेरीबोटीत बसून खाडी ओलांडली. गच्चीवर पाण्याची सिमेंटची टाकी होती, तिच्याही वर लोखंडी खांब रोवून कल्पिताने मला बसवलं. वायर खाली घरात नेली, राउटर जोडला. मी डोळे उघडले, आणि मित्रांनो, माझी तर बोलतीच बंद झाली.

वर उपग्रहांची रांग लागली होती! भर दुपारी माणसांना ते दिसत नाहीत, मला दिसतात. इथून नागपूर जेवढं लांब आहे त्याहूनही ते जवळ, फक्त सरळ वर. एक येतो, मी त्याच्याशी बोलू लागते, चार-पाच मिनिटांत तो निघून जातो. तो जायच्या आत मला दुसऱ्याचा हात धरावा लागतो. एक सोडायचा, एक धरायचा, दिवसरात्र. आणि एवढ्या धावपळीत खालच्या माणसाच्या बोलण्यातला एक शब्दही सांडू द्यायचा नाही. आपल्याला हे जमतं याचं मला आजही नवल वाटतं.

कल्पिता गेली. तिच्या तळावर जेमतेम पंचवीस माणसं, आणि घरी बोलायला प्रत्येकाला आठवड्यातून अर्धा तास. हिला मिळाला रविवार, आपल्याकडचे संध्याकाळचे पाच ते साडेपाच.

पहिल्याच रविवारी गंमत झाली. पोरगी दक्षिणेला गेलीय तर थाळीचं तोंड उत्तरेला कशाला, असं महादू तांडेलांना वाटलं. त्यांनी शिडी लावून, सूर्य बघून, मला नेमकं दक्षिणेकडे फिरवलं. दिशा अगदी अचूक होती, पण माझे उपग्रह राहिले पाठीमागे! रुचिराने दिपेशला, म्हणजे कल्पिताच्या भावाला, फोनवर सांगितलं तेव्हा कुठे मी पुन्हा सरळ झाले. तांडेल पुटपुटले, "मंग ही बोलतं कोनाशी?" त्या दिवसापासून ते माझ्याकडे जरा आदराने बघू लागले.

पुढचे चार महिने सुखाचे गेले. दर रविवारी पाच वाजता कल्पिताचा चेहरा फोनवर उजळायचा. ती नुसती बडबडायची. पेंग्विन कसे चालतात, वादळात बाहेर जायला दोरी कशी धरावी लागते, डब्यातल्या माशाला कशी चवच नसते. एकदा ती म्हणाली, "आये, आपल्या जवळ्याची चटणी आठवली की रडू येतं गं." मथुरा हसली. तांडेल मात्र मागे उभे राहून नुसते ऐकायचे. लेकीशी काय बोलावं ते त्यांना सुचायचं नाही.

मग एप्रिल संपत आला आणि एका रविवारी पाच वाजता मी मुकी झाले.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही. सोमवार ते शनिवार मी ठणठणीत. दिपेश माझ्या जिवावर क्रिकेट बघायचा. रविवार आला की माझी वाट लागायची. दिपेशने राउटर बंद करून चालू केला, मग पुन्हा बंद करून चालू केला. वायर बदलली. शेजारच्या नंदामावशींनी मिठाने दृष्ट काढली. एका बुधवारी रुचिरा फेरीबोटीने आली, एकेक जोड तपासला, मीटर लावलं आणि म्हणाली, "काकी, सगळं झकास आहे. एक पण दोष नाय." रविवारीच नेमका दोष कसा येतो म्हणून ती डोकं खाजवत परत गेली.

कल्पिताचे लेखी निरोप मधल्या वारी दिपेशच्या फोनवर यायचे. तो आईला वाचून दाखवायचा. "ठीक आहे." पुढच्या आठवड्यात पुन्हा, "ठीक आहे."

मथुरा एकदम म्हणाली, "ती ठीक नाय."

"अगं, लिहिलंय ना तिने!" दिपेश म्हणाला.

"माझी पोर ठीक असते तेवा ठीक हाय म्हनत नाय, रं. ती बडबडते."

आणि ते खरं होतं. मेच्या अखेरीस तिकडे सूर्य मावळतो तो दोन महिने उगवतच नाही. कल्पिताने रुचिराला लिहिलं होतं: येत्या रविवारपासून इथे अंधार, मला झोप येत नाही, जेवण जात नाही, एकदा घरच्यांना बघितलं असतं तर बरं झालं असतं. मित्रांनो, हा निरोप रुचिराच्या फोनवर आला आणि त्या रविवारी, सुट्टी असूनही, तिने बॅग उचलली.

आता तुम्हाला खरी गोष्ट सांगते. दोष काय आहे ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण मला तोंड असून बोलता येत नाही.

एप्रिल संपताना जवळा येतो. जवळा म्हणजे नखाएवढी बारीक कोळंबी. शनिवारी संध्याकाळी दिपेशची होडी लागायची. मथुरा ढिगातून सगळ्यात चांगला, गुलाबी जवळा निवडून बाजूला ठेवायची. तो विकायचा नव्हता, कल्पितासाठी होता, ती परत आल्यावर चटणीला. आणि लेकीचा जवळा खालच्या अंगणात, वाळूत आणि मांजरांच्या राज्यात कसा सुकवायचा? रविवारी सकाळी ती शिडीने टाकीवर चढली, माझ्यावर हात ठेवून बघितला आणि म्हणाली, "अगो, गरम हाय की!" सपाट, स्वच्छ, उंच आणि वर आयती ऊब. तिने माझ्यावर जुन्या लुगड्याचं फडकं अंथरलं, चारी टोकं बांधली, बोटभर जाडीचा ओला जवळा पसरला आणि कावळ्यांसाठी वर मच्छरदाणी टाकली. दिवा लावायच्या वेळी येऊन ती तो गोळा करून न्यायची.

सकाळी तो ओला असे आणि पाण्यातून माझा आवाज पार जात नाही. दुपारी तो सुके, तर वरून मे महिन्याचं ऊन, खालून माझी स्वतःची धग आणि मध्ये हे पांघरूण. तीन वाजेपर्यंत मी तापून बंद पडायची. फडक्याखाली मी अंधारात असायची. वरून उपग्रह जात आहेत, त्यांतल्या एकावरून कल्पिताचा आवाज येणार आहे, हे मला कळत असायचं. आणि माझ्या छातीवर कुणाचा जवळा आहे, तेही! मी काय करणार होते?

तुम्ही म्हणाल, कुणी सांगितलं कसं नाही? अहो, त्या बुधवारी रुचिराने विचारलं होतं ना, "रविवारी घरात वेगळं काय करता?" सगळ्यांनी विचार केला आणि काही नाही म्हणाले. कोळीवाड्यात जवळा सुकवणं हे कुणी काही करण्यात मोजत नाही.

त्या रविवारी रुचिरा पोचली तेव्हा पाचला दहा कमी होते. फेरीबोट उशिरा सुटली होती. ती घरात न शिरता तडक गच्चीवर आली, शिडी चढली आणि टाकीवरून ओरडली, "काकी! हे काय आहे?"

"जवळा," मथुरा खालून म्हणाली. "कल्पितासाठी. हात लावू नको, पोरी, सुकाचा हाय अजून."

रुचिराने फडक्यावर हात ठेवून बघितला. मग हळू आवाजात म्हणाली, "काकी, कल्पिता याच्यातून येते. या थाळीतून. तुम्ही तिच्या वाटेवर जवळा घातलाय."

मथुरा शिडीवर मध्येच थांबली. "जल्ला मेला माझा हात!" ती म्हणाली. "मीच गो? चार रविवार माझी पोर हाका मारतंय आनि मीच तिचं तोंड बांधलं?"

आणि पुढच्या क्षणी तिने काय केलं, बघा. वर येऊन मच्छरदाणी ओढली, फडक्याची गाठ सुटेना तर दाताने तोडली आणि तो निवडलेला, गुलाबी जवळा अख्खाच्या अख्खा गच्चीखाली भिरकावून दिला. कावळ्यांचा थवा तुटून पडला. मला चिकटून राहिलेला जवळा टिपताना एकाची चोच माझ्या कोपऱ्यावर बसली. तोच हा ओरखडा.

पाच वाजले. पण मी तापलेली होते, सुरू होईना. रुचिरा म्हणाली, "हिला थंड व्हायला हवं." गलका ऐकून वर आलेले तांडेल लगेच खाली धावले. आमच्या वाडीत गोड्या पाण्याचा एक दिवसाआड पुरवठा. त्यातली प्यायच्या पाण्याची भरलेली कळशी ते खांद्यावर घेऊन आले. ओला पंचा माझ्या अंगावरून फिरवला. आणि मथुरा टाकीवर बसून मला पदराने वारा घालू लागली. तापाने फणफणलेल्या लेकराला घालतात तसा. तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्यावर पडत होतं. मित्रांनो, त्या वेळी मला यंत्र असल्याची लाज वाटली, कारण मला लवकर निवता येत नव्हतं.

पाच दहा. पाच पंधरा. रुचिरा फोनवर बघत होती. पाच अठराला माझ्या आत जाग आली. मी वर बघितलं. एक उपग्रह ईशान्येकडून येत होता. मी त्याचा हात असा धरला, जसा आधी कधी धरला नव्हता.

"आये?"

कल्पिता होती. डोळ्यांखाली काळं, चेहरा ओढलेला. मथुरा नुसती फोनवरून बोट फिरवत राहिली.

"आये, आज इथे सूर्य आलाच नाही गं," कल्पिता म्हणाली. "आम्ही सगळे काचेशी उभे होतो. नुसती लाली आली नि गेली."

तेव्हा तांडेलांनी मथुराच्या हातातून फोन घेतला. चार महिने मागे उभा राहिलेला तो माणूस टाकीच्या कडेला गेला आणि त्यांनी फोन पश्चिमेकडे धरला. समुद्रावर ऊन पसरलं होतं. होड्यांच्या डोलकाठ्या चकाकत होत्या. सूर्य पाण्यापासून अजून बराच वर होता.

"हा बघ," ते म्हणाले. "हितं हाय तो. पलाला नाय कुठं. मी राखतंय त्याला, तू ये परत."

कल्पिताच्या मागे एक माणूस येऊन उभा राहिला, मग दुसरा, मग डोक्याला टोपी घातलेली एक बाई. हळूहळू सात-आठ जण जमले. कुणी पंजाबचा, कुणी केरळचा. बर्फाने वेढलेल्या त्या खोलीत उभे राहून ते सगळे आमच्या कोळीवाड्यातलं ऊन बघत होते. त्यांच्या चेहऱ्यांवर फोनमधला पिवळसर उजेड पडला होता. तो उजेड इथून माझ्यातून वर गेला होता, एका उपग्रहावरून दुसऱ्यावर, समुद्र ओलांडून पृथ्वीच्या टोकापर्यंत! मी एवढीशी थाळी. मरोळला लोक टिचक्या मारायचे ती.

अर्धा तास संपेपर्यंत तांडेलांनी हात खाली केला नाही. शेवटच्या मिनिटाला कल्पिता रडत आणि हसत म्हणाली, "आये, जवळा ठेवलास ना माझ्यासाठी?"

मथुराने खाली कावळ्यांकडे बघितलं. "ठेवलाय गो बाय," ती म्हणाली. "भरपूर."

पुढच्या शनिवारी तिने नवा जवळा निवडला आणि तो खाली अंगणात बाजेवर सुकवला. राखणीला काठी घेऊन स्वतः तांडेल बसले.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. माझ्यासारखी एखादी तुमच्या गच्चीवर असेल तर महिन्यातून एकदा तिचं खारं अंग गोड्या पाण्याने पुसा, आणि तिच्यासमोरचं आभाळ मोकळं ठेवा. वाळवण आणि गोधड्या घालायला दुसऱ्या जागा पुष्कळ असतात. आपलं माणूस ज्या वाटेने येतं, त्या वाटेवर त्याच्याचसाठी आणलेली वस्तूसुद्धा ठेवू नये.

आता दर रविवारी पाचच्या आधी मथुरा शिडी चढून येते. हातात काही नसतं. माझ्यावर तळवा ठेवते, ऊब आहे का बघते, आणि खाली ओरडून सांगते, "जागी हाय! लाव फोन."

आणि मी वर बघून हात पुढे करते.