फान-आजीची कावड

पितरघराच्या दारावरच्या दोन्ही खुंट्या मोकळ्या दिसल्या आणि श्यांगमेइच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या खुंट्यांवर फान-आजीची कावड असायची. आता तिथं सोनेरी पाटी लटकत होती: 'आमचे मूळपुरुष सेनापती लिआव उत्तरेकडून घोड्यावर बसून या खोऱ्यात आले.' खाली अंगणात सिमेंटचा सेनापती होता, सिमेंटच्याच घोड्यावर. घोड्याचे दात तेवढे झकास काढले होते.

"सेनापती? मेल्यांनो, कधीपासून?"

खरं काय ते शितांग गावातलं शेंबडं पोरही सांगेल. उत्तरेत लढाया पेटल्या तेव्हा लिआव आडनावाचा एक कुंभार बायकोला घेऊन दक्षिणेकडं निघाला आणि निम्म्या वाटेत तापानं मेला. बायको फान घराण्यातली, पोटुशी. तिथंच बाळंत झाली, दुसऱ्यांच्या शेतात राबली, आणि पुरलेला देह मातीत विरल्यावर तिकडच्या रीतीप्रमाणं नवऱ्याची हाडं उकरून, धुऊन बरणीत भरली. कावडीच्या एका टोकाला बरणी, दुसऱ्या टोकाला टोपलीत पोर, अशी ती डोंगर चढून इथं आली. वाटेत दुसरा घरोबा केला असता तर पोराला दुसरं आडनाव लागलं असतं. कोण अडवणार होतं तिला? पण नाही केला. लिआव हे आडनाव या खोऱ्यात आलं ते परक्या घरच्या बाईच्या खांद्यावरून. मग इथून ते समुद्रापार पेनांगला गेलं, आणखी कुठं कुठं गेलं, ते सगळं नंतरचं.

म्हणून छिंगमिंगला, पितरांच्या सणाला, डोंगरावरच्या तिच्या थडग्याकडं नैवेद्य जातो तो कावडींवरून, आणि सुनाच नेतात. सगळ्यांत पुढं जुनी कावड, तिचा मान थोरल्या सुनेचा. थोरल्या जाऊबाई यंदाच्या थंडीत गेल्या. आता मान श्यांगमेइचा. लग्न होऊन आली त्या वर्षापासून ती मागच्या रांगेतून त्या कावडीकडं बघत आली होती.

देगुई लगबगीनं पुढं आला. तिचा धाकटा दीर, आणि कुळाच्या मंडळाचा अध्यक्ष.

"वहिनी, आज आवाज नको. पेनांगची मंडळी आलीत. त्यांना काय सांगायचं, आमचा मूळपुरुष बरणीतून आला म्हणून?"

"बरणीतून आला तर बरणीतून आला म्हणायचं! लाज कसली त्यात?"

"अहो, पलीकडच्या गावातल्या वांग घराण्याचा मूळपुरुष राजाचा प्रधान होता."

"म्हणून आपला सेनापती? वांगांना पडसं झालं की तुम्ही शिंकणार का, भावजी?"

देगुईनं कपाळ पुसलं. "यंदा डोंगरावर जायचंच नाही. पूजा इथंच, सेनापतींसमोर. तुम्ही बायकांनी चुलीकडं बघा."

"आणि कावड?"

"असेल कुठंतरी."

असेल कुठंतरी! जसा काही मोडका खराटाच तो. श्यांगमेइनं पितरघराचे कोपरे बघितले, सरपणाचा ढीग उपसला. चुलीपाशी तिची जाऊ गुइह्वा कोंबड्या उकडत होती. तिनं नुसता डाव उचलून मांडवाकडं दाखवला.

पाहुण्यांच्या टेबलांवर ताडपत्री ताणली होती आणि मधोमध तिला टेकू दिला होता. कावडीचा. वरच्या टोकाला तार पिळली होती. सासूबाई वर्षातून एकदा तेलाचं बोट लावून ते लाकूड पुसायच्या आणि पुसताना सुनांना हात लावू द्यायच्या नाहीत. संतापानं श्यांगमेइच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं तार उलगडली आणि दोन्ही हातांनी कावड धरली.

"वहिनी, मांडव पडेल!"

"पडू दे! तुमच्या थापांना आजीचा टेकू कशाला?"

मांडव पडला. पाहुणे चहाच्या वाट्या सांभाळत बाहेर पळाले. ताडपत्री घसरली ती थेट सेनापतीवर, आणि घोड्याचे दात तेवढे बाहेर राहिले.

श्यांगमेइनं मोहरीच्या पाल्याच्या लोणच्याची एक रिकामी बरणी एका टोकाला अडकवली, दुसऱ्या टोकाला कोंबडी आणि अरवीच्या वड्यांची टोपली. कावड खांद्यावर घेतली. जड होती, वाटली होती त्याहून जड. पितरघराकडं न बघता ती डोंगराच्या वाटेला लागली. मागं गुइह्वानं डाव ठेवला आणि आपली कावड उचलली. मग बाकीच्या सुनांनी. डुकराचं मटण निघालं, तांदळाची दारू निघाली, उदबत्त्या निघाल्या. पेनांगच्या एका म्हाताऱ्यानं काठी टेकत विचारलं, "कुठं चाललात, सूनबाई?" आणि उत्तराची वाट न बघता तोही निघाला. त्याच्यामागं बाकीचे पाहुणे.

रिकाम्या अंगणातून देगुई ओरडला, "वहिनी, अहो सगळंच घेऊन चाललात! सेनापतींपुढं मी काय ठेवू?"

"घोड्याला गवत टाका!" श्यांगमेइनं खांदा बदलला. "आणि सेनापतीला भूक लागली तर म्हणावं, ये वर आपल्या पायांनी. गेल्या खेपेला बाईनं उचलून आणला होता."