मला उगाच राखणदार म्हणत

मित्रांनो, राहनाळला केसरीनाथ आजोबांच्या घरी कॉम्प्युटरच्या टेबलाखाली धूळ खात पडलेला जुना मोडेम, तो मीच. टेलिफोनच्या तारेतून येणारे इंटरनेट कॉम्प्युटरपर्यंत पोचवायचे, हे माझे काम. सोळा वर्षे केले. आता थकलो.

मी नवा होतो तेव्हा माझ्या हिरव्या दिव्यांचे केवढे कौतुक! पार्वती आजींनी मला हळदकुंकू वाहिले होते. मग शेजारच्या गोदामांत वेगवान लायनी आल्या आणि माझी टर उडू लागली. आजोबा तेवढे माझी बाजू घेत. "आपली लाईन बैलगारीवानी हाय. चोरच कंटालून परत जाईल," ते म्हणत. मला घरचा राखणदार म्हणत. मला बरे वाटे. खोटे कशाला बोलू?

पण इंटरनेटवरच्या चोराला रुंद रस्ता लागतच नाही. चिमूटभर फाईल पुरते. उलट माझ्या संथपणानेच घात केला. सुरक्षेचे अपडेट उतरायला अख्खा दिवस लागे. आजोबा वैतागून ते मध्येच बंद करत. अशी चार वर्षे गेली.

त्याच कॉम्प्युटरात आजींचे धवले, म्हणजे लग्नाची गाणी, होती. आजी गावच्या धवलारीण. लग्नातले विधी त्यांच्या गाण्यांवर चालत. त्यांच्या नातीने, दिशाने, सगळे धवले रेकॉर्ड करून ठेवले होते. "आजोबा, दुसरीकडे कॉपी ठेवूया," ती म्हणे.

"कशाला? हितं कोन येतंय?"

आजोबांनी आपली जागा गोदामाला भाड्याने दिलेली. एका दुपारी त्या कराराच्या नावाने मेल आली. आजोबांनी ती उघडली. फसवी होती. तिची एवढीशी फाईल माझ्यातूनच आत गेली आणि संध्याकाळपर्यंत चोराने सगळे धवले कुलूपबंद केले. एकही उघडेना.

दिशाचे लग्न तोंडावर आलेले. ती मोबाईल घेऊन आजींसमोर बसली. "आजी, पुन्हा गा ना."

ब्याऐंशी वर्षांच्या आजींनी हळदीचा धवला धरला. दोन ओळी गायल्या आणि थांबल्या. "फुडचं आठवत न्हाय गो बाय."

"चूक माजी हाय," दारातून आजोबा म्हणाले. दिशाने त्या दोन ओळीच तीन ठिकाणी जपून ठेवल्या.

मित्रांनो, मला खुशाल मोडीत काढा. पण कुणी हळू चालतो म्हणून त्याला राखणदार समजू नका. राहिलेले अपडेट आजच पुरे करा, आणि आपल्या माणसाचा आवाज एकाच जागी ठेवू नका. आजी रोज आठवून बघतात. तिसरी ओळ अजून आलेली नाही.