दुकान वाढवलं

गल्लीला मी सांगितलं होतं, रंगकाम काढलंय. खोटं बोलायचं तर पटेल असं तरी बोलावं! दारात रंगाचा डबा नाही, शिडी नाही, आणि शटर मात्र अर्धं खाली. समोरच्या मंदाकिनीबाई भाजीला जाताना मुद्दाम थांबायच्या.

"काय हो कुसुमताई, कुठला रंग देताय?"

"ठरत नाहीये अजून."

"ठरवा सावकाश," म्हणायच्या आणि वाकून आत बघायच्या. जळ्ळं मेलं ते वाकणं.

आत बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं. कात्रजच्या चौकात ते थंडगार सुपरमार्केट उघडलं, पाठोपाठ मोबाइलवर बोट टेकवलं की साखर घरपोच यायला लागली, आणि आमचं किराणा दुकान बसलं. शेवटी उरलेला माल निम्म्या भावात काढला, तर ही झुंबड! इतक्या वर्षांत पाहिली नव्हती एवढी गर्दी बघून मला भूलच पडली. चहा संपला तसा मी कंपनीकडून आणखी मागवला आणि तोही निम्म्या भावात विकला. पुन्हा संपला, पुन्हा मागवला. आमचे हे म्हणाले, "बरोबर आहे. तोट्यातच धंदा करायचा तर जोरात करावा." हे बोलतात ते असंच.

"सांगून टाक की लोकांना," असंही म्हणाले. "चोरी केलीय का आपण?"

चोरी केली असती तर परवडलं असतं. चोराच्या हाती निदान काहीतरी लागतं. मला लाज वाटत होती, दुसरं काही नाही. ज्या बायकांना मी गल्ल्यावर बसून संसार कसा करावा ते शिकवलं, त्यांच्यासमोर 'आमचं नाही चाललं' म्हणायला जीभ रेटेना.

सांगितलं ते फक्त हिंदुरावला. तो चहाच्या कंपनीचा माणूस, दर आठवड्याला ऑर्डर घ्यायला यायचा. हातातल्या छोट्या मशीनवर टिपून घेत म्हणाला, "वहिनी, या टायमाला किती पाठवू?"

"काही नको. दुकान वाढवलं, हिंदुराव."

'बंद केलं' असं मी म्हणूच शकले नसते. माझ्या सासूबाईंच्या राज्यात नारळ फोडायचा नसे, वाढवायचा असे. बांगडी फुटली तरी ती वाढवली, आणि शटर कायमचं ओढलं तरी दुकान वाढवलं. हिंदुराव पुरंदरकडच्या खेड्यातला, त्याला लगेच कळलं. त्याने डोक्यावरची कंपनीची टोपी काढली.

"लई वाईट झालं, वहिनी. मशीनमधी शेरा लिवावा लागतोय, न्हाईतर पुढं जात न्हाई. काय लिवू?"

"म्हटलं तेच लिही."

पुढच्या आठवड्यात भर दुपारी दारात मोठी गाडी उभी राहिली. आधी उतरली गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक मुलगी, अपेक्षा. मागून तिचे साहेब, अभय म्हणून. त्यांच्यामागे फोटोवाला आणि सगळ्यांत शेवटी मान खाली घालून हिंदुराव. बघता बघता त्यांनी माझ्या अर्ध्या शटरवर बॅनर बांधला: 'वाढत्या दुकानाचा सन्मान'.

मला वाटलं, पत्ता चुकले. अपेक्षाने माझे दोन्ही हात धरले. पोरगी गोड होती हो.

"काकू, सगळ्या सेल्समनच्या मशीनमधली माहिती आमच्याकडे येते. कुठलं दुकान वाढतंय, कशामुळे वाढतंय, ते आम्ही शोधून काढतो. मग बाकीची दुकानंही तशी वाढवता येतात. तुमची ऑर्डर लागोपाठ वाढली आणि वर शेरा आला, दुकान वाढवलं! चौकात सुपरमार्केट असून! मीच तुमचं नाव सुचवलं."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. तेवढ्यात तिने माझ्या अंगावर शाल घातली आणि मी ते मिटलं.

कारण गल्ली जमली होती. गॅलऱ्या भरल्या होत्या. मंदाकिनीबाई हातातली पिशवी तशीच धरून बघत होत्या आणि त्यांच्या तोंडावर पहिल्यांदाच प्रश्न नव्हता. मला आवडलं ते! बाई गं, दुकान बुडालं आणि मी पदर सारखा करून फोटोला उभी! आमचे हे माझ्या शेजारी हार घालून उभे, पुटपुटले, "आणखी चार दिवस आधीच बुडवायला हवं होतं." मी त्यांना कोपराने ढोसलं. हसूच येत होतं मला.

मग अभयसाहेब बोलायला लागले. "हे दुकान इतकं वाढू शकतं, तर कात्रजमधली बाकीची का नाही? हिंदुराव, पुढच्या महिन्यापासून तुमच्या प्रत्येक दुकानाला हाच आकडा. ज्याला जमणार नाही त्याने आत्ताच सांगावं. माणसं पुष्कळ मिळतात."

हिंदुराव एक पाऊल पुढे आला. "साहेब, त्या शेऱ्याचं जरा..."

त्याने माझ्याकडे पाहिलं. अंगावरच्या शालीकडे पाहिलं, मग गॅलऱ्यांकडे.

"काय?" साहेब म्हणाले.

"काय न्हाई, साहेब. बघतो."

त्याने गिळलं ते. एका शब्दात तो सुटला असता, पण चारचौघांत माझं झाकायचं म्हणून त्या भल्या माणसाने स्वतःची नोकरी पणाला लावली. आणि मी सन्मानाचा पेढा चघळत होते! दुकान बुडाल्याची जी लाज आठवडाभर वाटत होती ती काहीच नव्हती. ही अंगभर चढली.

अभयसाहेबांनी माझ्या हातात नारळ दिला. "काकू, होऊन जाऊ दे."

मी तो अपेक्षाकडे दिला. "तूच वाढव, बाळ."

"मी? थँक्यू, काकू!" ती खाली बसली आणि पायरीवर नारळ आपटायला तिने हात उचलला.

"थांब," मी म्हणाले. "वाढव म्हटलं मी. तू काय करतेयस?"

"फोडतेय..."

तिचा हात तसाच वर राहिला. मराठी घरातलीच पोर ती, तिला दुसरं काही सांगावं लागलं नाही. बघता बघता तिचा चेहरा पडला.

"अहो, शटर वर करा," मी ह्यांना म्हटलं.

"बॅनर फाटेल."

"फाटू दे!"

टर्र करून बॅनर फाटला आणि आतल्या रिकाम्या फळ्या सगळ्या गल्लीला दिसल्या. मी मोठ्याने सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "दुकान बंद पडलंय आमचं. रंगबिंग काही नाही. चहा मागवला तो निम्म्या भावात विकायला." आवाज फाटला माझा, पण सांगितलं.

अभयसाहेब हिंदुराववर उसळले. "नीट लिहिता येत नाही तुम्हाला?"

"त्याने नीटच लिहिलंय!" मी ओरडले. "वाचणाऱ्यांनी नीट वाचावं. आणि तो आकडा आधी मागे घ्या, त्याशिवाय गाडी हलायची नाही इथून."

"हलेल कशी? मी चाकापुढेच उभी आहे," मंदाकिनीबाई म्हणाल्या. खरंच उभ्या होत्या. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, गॅलऱ्यांकडे पाहिलं, आणि घाम पुसत म्हणाले, "ठीक आहे. आकडा रद्द." हिंदुरावने माझ्याकडे बघून नुसते हात जोडले. मंदाकिनीबाई मग फाटका बॅनर गोळा करायला आल्या. "रंगाचा वास येत नव्हता, तेव्हाच कळलं होतं मला," एवढंच हळू म्हणाल्या.

अपेक्षा नारळ मांडीवर घेऊन पायरीवरच बसली होती. मी शेजारी टेकले. ती खालच्या मानेने म्हणाली, "सॉरी, काकू. पण मग दुकान खरंच मोठं झालं, तर काय म्हणतात?"

मी आठवून पाहिलं. काही केल्या शब्द सापडेना. ह्यांच्याकडे पाहिलं. प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार असणारा माणूस, पण तेही रिकाम्या फळ्या पुसायला लागले.

"काय माहीत गं," मी म्हणाले. "आमच्यावर कधी ते म्हणायची वेळच आली नाही."