जखमा साफ करणारा चिमटा

मी एक जुना चिमटा आहे. स्वयंपाकघरातला नव्हे, जखमा साफ करणारा. वीतभर लांब, स्टीलचा, टोकाला बारीक दाते असलेला. मित्रांनो, माझी हकीकत ऐकताना तुम्हाला मळमळेल. तिला गोड करून सांगणं मला जमणार नाही.

एका कारखान्यात पट्टी कापून, वाकवून, घासून मला घडवलं. पहिली सहा वर्षं मी दवाखान्याच्या ऑपरेशनच्या खोलीत होतो. तिथे सगळं उकळलेलं, झाकलेलं, लख्ख. ‘याची पकड चांगली आहे,’ असं डॉक्टर एकदा म्हणाले होते. मग एक दिवस मी फरशीवर पडलो, माझं एक टोक किंचित वाकलं आणि मला बाजूला काढलं. घरी जाऊन रुग्णांची सेवा करणाऱ्या एका सिस्टरांनी मला मागून घेतलं.

त्यांच्या पिशवीतून मी घरोघर फिरलो, आणि माणसं आतल्या खोलीत काय काय झाकून ठेवतात ते पाहिलं. पस, सडलेलं मांस, चादरीला चिकटलेली कातडी. बाहेरच्या खोलीत मात्र फुलदाणी. सिस्टर मला साबणाने घासत, वीस मिनिटं उकळत. तरी तो वास अंगाला आहेच, असं मला वाटत राही.

एक घर माझ्या मनातून जात नाही. तिसरा मजला. दारातच सुगंधी फवाऱ्याचा भपकारा आला आणि त्याच्याआडून दुसरा वास. आतल्या खोलीत एक आजी पडून होत्या. उभा जन्म शाळेत गणित शिकवलेलं, आता अर्धं अंग लुळं. खिडकी बंद, का, तर शेजाऱ्यांकडे वास जातो. सुनेने उंबऱ्यातूनच बोट दाखवलं. मुलगा बाहेर टीव्ही बघत होता.

सिस्टरांनी आजींना कुशीवर वळवलं. डायपर सकाळपासून तोच होता. माकडहाडावर तळहाताएवढी जखम, मध्ये काळी, कडेने हिरवट. मला आत शिरावं लागलं. मेलेलं मांस भिजल्या कागदासारखं सुटून येत होतं. आजी ओरडल्या नाहीत. डोळे मिटून पुटपुटत राहिल्या, “सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न...” मग मध्येच थांबून म्हणाल्या, “बाई, पाणी मिळेल का?”

त्यांच्या जिभेला भेगा पडल्या होत्या. पाण्याचा तांब्या होता, पण कपाटावर, त्यांचा हात पोचणार नाही असा.

“सकाळपासून पाणी किती दिलंत?” सिस्टरांनी विचारलं.

“अर्धा पेला,” सून म्हणाली. “जास्त दिलं की भिजवतात.”

माझं आयुष्य पसात गेलं, पण इतकी शिसारी मला कधी आली नव्हती.

सिस्टर काही बोलणार, तोच सून दाराशी मटकन खाली बसली. “दोन वर्षं मी एकटी काढतेय, सिस्टर. घाण, कपडे, सगळं. ह्यांनी आईला एकदा हात लावलेला नाही. मला जेवण जात नाही. म्हणून कमी केलं पाणी. आता बोला काय बोलायचं ते.”

सिस्टरांनी कपाटावरचा तांब्या खाली घेतला. त्यांनी आजींना चमच्याचमच्याने पाणी पाजलं, मग बाहेर जाऊन टीव्ही बंद केला.

“चला. आईंना धरायला माणूस हवाय.”

“मला ते बघवत नाही,” मुलगा म्हणाला.

“बघू नका. धरा.”

तो आला, आईच्या खांद्याला हात लावला आणि तसाच मोरीकडे धावला. त्याच्या ओकण्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. सिस्टर म्हणाल्या, “चूळ भरा आणि या परत. अर्धं राहिलंय.”

तो परत आला. घामाने निथळत, तोंड फिरवून त्याने आईला धरलं. “तुम्हाला किळस नाही येत?” त्याने विचारलं.

“येते की. रोज येते. घरी गेल्यावर पहिला घास उतरत नाही. पण पाच वाजता मला दुसरं घर आहे. नीट धरा.”

दर दोन तासांनी कूस बदलायची, आजी मागतील तेवढं पाणी द्यायचं, असं सिस्टरांनी भिंतीवर लिहून लावलं. डॉक्टरांनाही कळवलं. दिवसाची पाळी मुलाची, असं सिस्टरांनीच ठरवून टाकलं. पहिला आठवडा तो नाकाला रुमाल बांधून यायचा. जखम भरायला साडेचार महिने लागले. जाताना सिस्टर मला तिथेच ठेवून गेल्या, पुन्हा लागलं तर असू दे म्हणून. वर्षभराने आजी तापाने गेल्या. तेव्हा त्यांची पाठ स्वच्छ होती.

आज मी त्याच घराच्या न्हाणीघरात आहे. मोरीत अडकलेले केस मला वापरून ओढून काढतात. साबणाचा बुळबुळीत थर, केसांचे गोळे. मला कोणी धूत नाही, सांध्यात गंज चढलाय. बाहेर पाहुणे आले की मुलगा सांगतो, “आईला आम्ही काही कमी पडू दिलं नाही.” सून तेव्हा उठून आत निघून जाते. त्या वाक्याची मला मोरीपेक्षा जास्त घाण वाटते.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी अंथरुणाला खिळलं असेल, तर दारातून विचारपूस करून वळू नका. आत जा, पांघरूण उचला, पाठीखाली हात घाला. किळस येईल, येऊ द्या. आणि जी हे सगळं एकटी करत असेल, तिला उठवा, जेवायला पाठवा, आणि तिच्या जागी तुम्ही बसा.